आधी झूमला चिकटपट्टी लावा

पत्र :

नमस्कार. मी बेळगावजवळच्या येळ्ळूरची, वय 24. शहापुरातल्या एका स्टुडिओत तीन वर्षं लग्नाचे फोटो काढते, म्हणजे मुख्य फोटोग्राफरच्या बाजूला उभी राहून दुसरा कॅमेरा सांभाळते. स्वतःचा कॅनन 1300डी आहे, सेकंडहँड घेतलेला. सोबत 18-55 आणि 55-250 मिलिमीटर अशा दोन झूम लेन्स. सुट्टीच्या दिवशी गोकाकचा धबधबा झाला, राजहंसगड झाला, जांबोटीचं धुकं झालं, सौंदत्तीचा भंडारा झाला. फोटो छान आलेत असं सगळे म्हणतात, पण ते सगळ्यांच्यासारखेच येतात. मला स्वतःचं असं एक काम करायचं आहे. 45 हजार रुपये साठवलेत. फुल फ्रेम घेऊ की मिररलेस? की एखादी भारी लेन्स आणि ड्रोन? आणि विषय कुठला घेऊ? आमच्याकडे तसं काही खास नाही. मामाचे वडगावात चार यंत्रमाग आहेत, पण तिथं दिवसभर खडखडाट आणि तंतूंची धूळ. तिथं काय फोटो काढणार?
— एक वाचक, येळ्ळूर

उत्तर :

विषय कुठला म्हणून विचारलंत आणि पुढच्याच ओळीत उत्तर लिहून टाकलंत. मामाचे चार माग हाच विषय. येळ्ळूरहून शहापूरला येता-जाता वडगाव तुमच्या वाटेवरच पडतं. वडगाव, खासबाग, शहापूर हा बेळगावातला विणकरांचा पट्टा. त्यातल्या एका कारखान्याचं दार तुमच्यासाठी कधीही उघडं आहे, आत गेलात तर "कोण गं तू?" असं विचारणारं कुणी नाही, चहा मिळेल तो वेगळाच. बाहेरून येणाऱ्या फोटोग्राफरला एवढी मोकळीक मिळवायला महिने जातात. तुम्हाला ती जन्मापासून मिळालेली आहे, म्हणूनच दिसत नाही.

गोकाकचे फोटो सगळ्यांसारखे का येतात, तेही बघू. धबधब्यावर उभं राहायच्या जागा तीन-चार. पाणी भरून वाहण्याचा काळ पावसाळ्यातला. लोक जातात सकाळी दहानंतर. जागा तीच, ऋतू तोच, ऊनही तेच, मग फोटो वेगळा कुठून यावा? कॅमेरा बदलून यात काहीही फरक पडणार नाही. सौंदत्तीचंही तसंच. भंडारा उधळला की प्रत्येकाच्या कॅमेऱ्यात पिवळाच फोटो येतो. (आणि ती हळद झूमच्या कड्यात शिरली की वर्षभर निघत नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल.) फोटो तुमचा व्हायचा तर एका ठिकाणी दहाव्यांदा, विसाव्यांदा जायला हवं. पहिल्या चार खेपांत जे सगळ्यांना दिसतं तेच तुम्हालाही दिसेल. पाचव्या खेपेपासून काम सुरू होतं.

छायाचित्रकार सुधारक ओलवे यांचं मुंबईच्या सफाई कामगारांवरचं काम शोधून बघा. वर्तमानपत्राची नोकरी करता करता, वर्षानुवर्षं त्याच माणसांकडे परत परत जाऊन केलेलं ते काम आहे. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते फोटो बघताना कुठला कॅमेरा वापरला असेल हा प्रश्न डोक्यात येतच नाही.

आता पैशांचं. 45 हजारांत वापरलेली फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची बॉडी मिळेलही. पण त्यात एक खाच आहे, ती दुकानदार शेवटी सांगतो : तुमच्या 18-55 आणि 55-250 या दोन्ही लेन्स ईएफ-एस जातीच्या, म्हणजे लहान सेन्सरसाठी बनवलेल्या आहेत, कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर त्या बसतच नाहीत. म्हणजे हातात नुसती बॉडी, समोर लावायला काही नाही. कॅननच्या आरएफ मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) अॅडॉप्टर लावून त्या चालतात, पण फुल फ्रेम मिररलेस घेतला तरी सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो. मोठ्या सेन्सरचे पैसे भरायचे आणि छोटा वापरायचा. 1300डी 18 मेगापिक्सेलचा आहे. त्याचा फोटो न ताणता 300 डीपीआयला साधारण 11 बाय 17 इंच छापला जातो. तुमच्या पहिल्या प्रदर्शनाला यापेक्षा मोठा फोटो लागणार नाही. लग्नाच्या कामाला दोन कार्डांची, अंधारात चांगली चालणारी बॉडी पुढे लागेल, ते खरं. पण तो धंद्याचा खर्च आहे, लग्नाच्या पैशातून करा. हे 45 हजार त्यात घालू नका.

त्यामुळे महिनाभर काहीच विकत घ्यायचं नाही. 18-55 च्या झूमच्या कड्यावर 18, 24, 35, 55 असे आकडे आहेत. कडं 24 वर आणा आणि त्यावर कागदी चिकटपट्टी लावून टाका. ती साध्या चिकटपट्टीपेक्षा कमी डिंक ठेवते. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्याने दीड-पावणेदोन पट हिशेब धरावा लागतो, नेमका 1.6. म्हणजे 24 चं दृश्य फुल फ्रेमवरच्या 38 मिलिमीटरसारखं, डोळ्याला जेवढं सहज दिसतं त्याच्या आसपास. दोन मागांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत उभं राहिलात तर माणूस, माग आणि वर लटकणारी ट्यूब एवढं सगळं यात मावतं. 18 ला गेलात तर कडेचा माग वाकडा आणि माणसाचं डोकं ताणलेलं येईल. 55 ला मागं सरकायलाच जागा नाही, पाठ शेजारच्या मागाला टेकेल. महिन्यानंतर सगळे फोटो समोर ठेवा. प्रत्येक वेळी "अजून जरा जवळ जायला हवं होतं" असं वाटत असेल तर पट्टी 35 वर न्या. नाही वाटलं, तर तुमची लेन्स सापडली.

हे इतकं सांगायचं कारण असं की लग्नात झूम फिरवायची सवय बोटांना लागलेली असते. तिथं ते बरोबरच आहे, अक्षता पडताना पाय हलवायला कुणी जागा देत नाही. इथे मात्र पायांनी जवळ-लांब व्हायचं आहे.

आता प्रत्यक्ष मागाजवळ. बहुतेक कारखान्यांत उजेड दोन ठिकाणांहून येतो : दारातून दिवसाचा आणि वरून ट्यूबचा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकची ट्यूब किंवा स्वस्तातली एलईडी सेकंदाला 100 वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला ते कळत नाही, शटरला कळतं. शटर 1/250 सेकंद ठेवून चार फोटो काढून बघा : एक बरा, एक अंधारा, एक पिवळट, एकात अर्ध्या फोटोवर काळसर पट्टा. कॅमेरा बिघडला असं समजून लोक दुरुस्तीला टाकतात. बिघडलेलं काही नसतं. शटर 1/100 किंवा 1/50 ठेवा, म्हणजे प्रत्येक फोटोत ट्यूबचा पूर्ण हेलकावा मावतो आणि पट्टे जातात. यापेक्षा वेगात ट्यूबखाली जायचं नाही, एवढं वहीत लिहून ठेवा.

मोड मॅन्युअल. 24 ला तुमच्या लेन्सचं छिद्र जास्तीत जास्त एफ 4 च्या आसपास उघडतं. एफ 4, 1/100, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 3200 इथून सुरुवात करा. दाराजवळ 1600 पुरेल, आतल्या कोपऱ्यात 6400 लागेल. 3200 ला दाणे दिसतील, घाबरू नका. दाण्यांचा खरा त्रास होतो तो फोटो अंधारा काढून नंतर संगणकावर उजळल्यावर. आयएसओ 1600 ठेवून दोन स्टॉप, म्हणजे चौपट उजळलेला फोटो हा सरळ 6400 ला काढलेल्यापेक्षा या कॅमेऱ्यात खराब दिसतो, सावलीत रंगीत ठिपके येतात. तेव्हा आयएसओ वाढवायला लाजू नका. ताणा, म्हणजे मागावरचे लांबीचे धागे, पांढऱ्या सुताचा असेल आणि फोटोभर तोच असेल तर कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं, पांढरं सूत राखाडी काढतं. तिथं मीटरचा काटा मधोमध न ठेवता दोन-तीन खुणा उजवीकडे, म्हणजे अधिक दोन तृतीयांश ते अधिक एक एवढा ठेवा. उलट दाराच्या उजेडात माणूस आणि मागं आकाश असेल तर आधी ठरवा, चेहरा हवा की नुसती आकृती. दोन्ही एका फोटोत येत नाही.

फोकस मधल्याच बिंदूवर. 1300डी ला नऊ फोकस बिंदू आहेत, पण त्यातला मधला एकटाच आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखतो. बाकीचे एकाच दिशेच्या रेषा पकडतात. ताण्याचे हजारो धागे सगळे एकाच दिशेने गेलेले, त्यामुळे कडेचे बिंदू तिथं गोंधळतात आणि लेन्स घरघर करत पुढंमागं होत राहते. मधल्या बिंदूने पकडा, बटण अर्ध दाबलेलं ठेवूनच चौकट हलवा.

ट्रायपॉड नेऊ नका. माग चालू असताना जमीन थरथरते, आणि ती थरथर ट्रायपॉडच्या पायांतून सरळ कॅमेऱ्यात चढते. भिंतीला टेकलात तरी तेच. तुमचे गुडघे आणि कोपर हे त्यापेक्षा चांगले स्प्रिंग आहेत. कोपरं अंगाला घट्ट, श्वास अर्धा सोडलेला, आणि तीन-तीन फोटोंची लड. सेकंदाला तीनच्या वर हा कॅमेरा काढत नाही, तेवढे पुरतात.

शटरचं एवढं सांगितलं तरी एक गोष्ट राहिली, आणि या विषयातली सगळ्यात मजेची तीच आहे. साधा यंत्रमाग मिनिटाला शंभराच्या आगेमागे धोटा (आडवा धागा नेणारा) फेकतो, म्हणजे सेकंदाला दीड-दोन फेऱ्या. 1/100 ला फणी (आडवा धागा ठोकून बसवणारी) जवळपास थांबल्यासारखी येते, धोटा मात्र तेव्हाही लांबट पट्टाच दिसतो. 1/15 ला फणी दोन-तीन सेंटिमीटर पुसली जाते आणि शेजारी धाग्यावर टेकलेला माणसाचा हात स्थिर असला तर तो तेवढा स्वच्छ येतो. मागाचं काम म्हणजे नेमकं हेच आहे : यंत्र धावत असतं आणि माणूस एका बोटाने तुटलेला धागा शोधत असतो. एफ 8, 1/15, आयएसओ 1600. वीस काढाल तेव्हा एक जमेल. हात हलला की सगळंच पुसलं जातं आणि फोटो नुसता फसलेला दिसतो. म्हणून वाट बघायची ती धागा जोडायला माणूस वाकतो त्या क्षणाची. त्या दोन-तीन सेकंदांत त्याचा खांदा हलत नाही. पण धागा तुटल्यावर जो माग थांबतो, तो फोटोला उपयोगी नाही. बाजूचा चालू माग चौकटीत मागं येईल असं उभं राहा.

उभं राहताना आणखी एक बघा. धोटा ज्या रेषेत जातो त्याच्या दोन्ही टोकांना कधीही उभं राहायचं नाही. धोटा कधी कधी उडतो. लाकडाचा, टोकाला लोखंड बसवलेला, डोळ्याच्या उंचीला येऊ शकतो. मागाच्या समोर किंवा मागं उभं राहा, कडेला नाही. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात लोंबता ठेवू नका, मनगटाला गुंडाळा. ओढणी घरी, केस बांधलेले. पट्टा फिरत्या पुलीत गेला तर कॅमेऱ्याआधी मान ओढली जाते. कानात कापसाचे बोळे किंवा मेडिकलमधले फोमचे प्लग घाला. तासाभरात सवय झाल्यासारखं वाटतं, पण कान त्याचा हिशेब ठेवतात.

लेन्स आत बदलायची नाही. 1300डीत सेन्सर आपोआप झटकायची सोय नाही, आणि हवेत सुताचे तंतू सतत तरंगत असतात. एक तंतू सेन्सरवर बसला की पुढच्या सगळ्या फोटोंत त्याच जागी केसासारखी सावली. तपासायची रीत सोपी : एफ 16, पांढरी भिंत, मुद्दाम फोकस बिघडवून एक फोटो. ठिपके, रेघा दिसल्या तर रबरी फुंकणीने, कॅमेरा तोंड खाली धरून हवा मारा. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे थेंब उडतात. डब्यातली दाबाची हवाही नको. एवढ्याने गेलं नाही तर सर्व्हिसवाल्याकडे द्या, कापूस काडीला लावून स्वतः प्रयोग करू नका. चिकटपट्टीचा हाही एक फायदा : लेन्स बदलायचा मोहच होत नाही.

वीज गेली की मात्र कारखान्यातच थांबा. सगळे माग एकदम बंद पडतात आणि इतका वेळ ऐकू न आलेलं सगळं ऐकू येतं. माणसं दाराशी येऊन बसतात, तंबाखू मळतात, मोबाइल बघतात, कुणी कपड्यावरचे तंतू झटकतो. ट्यूब विझलेली, म्हणून हिरवट उजेड गेला, फक्त दाराचा उरला. एका बाजूने येणारा, मऊ. चेहऱ्यांसाठी यापेक्षा चांगला उजेड स्टुडिओत सॉफ्टबॉक्स लावून मिळत नाही. पट्टी 35 ची असेल तर फारच बरं. आता 1/100 ची सक्तीही नाही. बोलताही येतं. खडखडाटात परवानगी विचारणं म्हणजे ओठ हलवणं, समोरचा नुसतं हसतो आणि ते होकार समजून आपण क्लिक करतो.

परवानगीबद्दल थोडं परखड सांगायला हवं. मामाने "काढ की गं" म्हटलं, ते मामापुरतं. मालकाच्या भाचीला नाही म्हणायची सोय कामगाराला नसते. म्हणून प्रत्येकाला वेगळं, मामा जवळ नसताना विचारा, आणि उत्तर द्यायला वेळ द्या. मराठीत विचारा, कानडी बोलणारे असतील तर "फोटो तगीलेन्री?" एवढं तर तुम्हाला येतच असेल. नको म्हणाले तर त्यांचा माग चौकटीत घ्या, ते नकोत. हा फोटो कुठं जाणार, हे आधी सांगा : वहीत, गल्लीत, फेसबुकवर की स्पर्धेला. चार महिन्यांनी बेत बदलला तर परत विचारायला जा. पैसे देऊ नका, वचनंही देऊ नका. प्रत्येकाला त्याचा फोटो 4 बाय 6 मध्ये छापून द्या, पुढच्याच खेपेला. एक फोटो दिलात की तिसऱ्या खेपेपासून लोक तुमच्याकडे बघणं सोडतात आणि तुम्हाला हवे ते फोटो तिथून मिळू लागतात.

कारखान्याच्या चार भिंतींत अडकून पडू नका. कांड्या (धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या) भरायचं काम बऱ्याचदा घरात, बायका करतात. एका हाताने सूत धरलेलं, दुसऱ्या हाताने पोराला जेवण. जॉबर (माग दुरुस्त करणारा) येतो, मागाखाली आडवा होतो, नुसते पाय बाहेर. तयार साडीची घडी घालताना दोघं दोन टोकं धरतात. माल उचलायला गाडी येते. भिंतीवर जुन्या कॅलेंडरमागे पेन्सिलीने लिहिलेला हिशेब असतो. हे सगळं विषयातच येतं. आणि मामा. त्यांचा फोटो सगळ्यात शेवटी काढा, ते नातं सगळ्यात अवघड आहे.

किती दिवस? तीन महिने, आठवड्यातून दोन खेपा. लग्नसराईत एक जमली तरी चालेल, पण तीही चुकवायची नाही. एका खेपेला 40 फोटोंची मर्यादा घाला. लग्नात रात्रीत दोन हजार काढणाऱ्या माणसाला हे फार जड जाईल, पण चाळीसच आहेत म्हटल्यावर बोट दाबायच्या आधी डोळा वापरला जातो. 1/15 चे प्रयत्न या चाळिसात धरू नका, ते वेगळे. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढा. या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल बावीसेक एमबीची, 32 जीबीच्या कार्डावर हजाराच्या वर मावतात. व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणारी सोय) ऑटोवर नको. सगळ्या खेपांना डेलाइट ठेवा, मग संगणकावर एकदम बदलता येतो. नाहीतर प्रत्येक फोटोची साडी वेगळ्या रंगाची, आणि विणकराला ते पहिल्या नजरेत खटकेल. रंगात काम करायचं की काळ्या-पांढऱ्यात, हे दुसऱ्या महिन्यात ठरवा आणि मग पूर्ण कामाला तेच. फसलेला फोटो काळा-पांढरा करून "कलात्मक" म्हणायची पद्धत आहे, ती इथं नको. साडीचा विषय आहे, आमचं मत रंगाकडे झुकतं. रॉ धुवायला डार्कटेबल हा संगणकावरचा प्रोग्राम फुकट आहे आणि पुरेसं आहे.

खिशात एक वही. त्या दिवशीची तारीख, कोण भेटलं, कुठल्या मागावर कुठला रंग चढला होता, कोण काय म्हणालं. माणसाचं नाव तो सांगेल तसंच लिहा, आणि मराठीत की कानडीत हवं ते त्यालाच विचारा. फोटोखालच्या ओळी पुढे दोन्ही लिप्यांत छापाव्या लागतील, वडगावात त्याशिवाय अर्धी माणसं त्या वाचणार नाहीत. कानडी ओळ ज्याला वाचता येते त्याच्याकडून तपासून घ्या. चुकलेल्या काना-मात्रेवरून आपल्याकडे काय काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

निवड संगणकावर करू नका. महिन्याच्या शेवटी बरे वाटलेले साठ-सत्तर फोटो एका ए4 कागदावर वीस असे छोटे करून झेरॉक्सवाल्याकडून छापून आणा, कात्रीने कापा आणि जमिनीवर पसरा. एकसारखे दिसतील ते एकमेकांवर ठेवा. हातांचे फोटो सगळ्यात जास्त निघतील, सगळ्यांचेच निघतात. त्यातला एकच ठेवायचा. मोकळी राहिलेली जागा म्हणजे पुढच्या महिन्याचं काम. तीन महिन्यांअखेर पंधरा ते वीस फोटो उरले तर काम झालं असं समजा. चाळीस उरले असतील तर तुम्ही अजून निवड केलेली नाही.

खर्च आता सांगतो, कारण आता तो कळेल. पट्टी 24 वर टिकली तर कॅननची ईएफ-एस 24 एफ 2.8 एसटीएम घ्या, वापरलेली मिळाली तर उत्तम. बोटभर जाडीची लेन्स, एफ 4 ऐवजी 2.8, म्हणजे एक स्टॉप उजेड जास्त : 3200 च्या जागी 1600. पट्टी 35 ला गेली असेल तर मात्र ही लेन्स घेऊ नका, 18-55 वरच चालवा. 50 एफ 1.8 स्वस्त आणि उजळ आहे, सगळे तीच सुचवतात, पण तुमच्या कॅमेऱ्यावर ती 80 ची होते आणि मागांच्या वाटेत निरुपयोगी ठरते. वापरलेली लेन्स घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारून आतून बघा. धूळ चालते, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर ती बुरशी, परत द्या. याशिवाय एक जादा एलपी-ई10 बॅटरी, 32 जीबीची दोन कार्डं, 1 टीबीच्या दोन हार्ड डिस्क, छपाईचा खर्च. उरलेले पैसे उरू द्या.

दोन हार्ड डिस्क कशाला? एक तुमच्या घरी, एक मामाकडे किंवा स्टुडिओत. घरात पाणी शिरलं, चोरी झाली, डिस्क पडली, तर दोन्ही एकाच कपाटात असून काय उपयोग? संगणकावर एक, डिस्कवर एक, घराबाहेर एक अशा तीन प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. फोल्डरला नाव वर्ष-महिना-दिवस-वडगाव असं, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात.

बुरशीचं वर आलंच आहे, तर बेळगावचा पावसाळा ध्यानात घ्या. जून ते सप्टेंबर घरातली हवा ओलसर. दमटपणा 60-65 टक्क्यांच्या वर राहिला की लेन्सच्या आत बुरशी धरते, आणि बंद बॅगेत, अंधारात ती जोमाने वाढते. चामड्याच्या किंवा फोमच्या बॅगेत कॅमेरा ठेवूच नका. घट्ट झाकणाचा दहा-बारा लिटरचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात पाव किलो सिलिका जेल कापडी पुरचुंडीत बांधून, आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा 40 ते 50 च्या मध्ये हवा. 30 च्या खालीही नको, रबर आणि वंगण सुकतं. निळी सिलिका गुलाबी झाली की मंद आचेवर परतून पुन्हा निळी होते, पण त्यासाठी स्वयंपाकाचा तवा वापरू नका, निळ्या रंगात कोबाल्ट असतं. एक जुना पत्र्याचा डबा त्यासाठी वेगळा ठेवा. भिजून आलेला कॅमेरा आधी पुसून, पंख्याखाली तासभर ठेवून, मगच डब्यात.

ड्रोनचा विचार सोडून द्या. सांबऱ्याला विमानतळ, शहरात लष्कराचं केंद्र. कुठे उडवता येतो याचा नकाशा न बघता उडवला तर प्रकरण पोलिसांत जातं. आणि छताखालचे माग आकाशातून दिसत नाहीत.

छापलेले वीस फोटो झाल्यावर गॅलरी शोधत बसू नका. भाद्रपदात गल्लीतल्या मंडळाला विचारा, मांडवाच्या कडेला दोरी आणि चिमटे लावून आठ बाय बारा इंचाचे फोटो टांगू देतील का. वीज तिथं असते, माणसं तिथं येतात, आणि ज्यांचे फोटो आहेत ती पहिली येतात. ऊन-पावसापासून वाचवायला मॅट लॅमिनेशन करून घ्या. चकचकीत लॅमिनेशनवर मांडवातले सगळे दिवे चमकतात आणि फोटो दिसत नाही.

एक काम आजच करून टाका. मामाला फोन करून विचारा, कुठल्या मागावरचं बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) कधी संपतंय. बीम संपलं की नवा ताणा जुन्याला जोडायला माणूस बसतो, एकेक धागा बोटात पिळून, हजारो धागे, तासन्‌तास. तो माग तेवढा वेळ बंद असतो, म्हणून तिथं थरथर कमी, आणि तो माणूस एका जागेवरून हलत नाही. 1/15 चा सराव करायला, उजेड ओळखायला आणि कामगाराशी पहिल्यांदा बोलायला दुसरी संधी इतकी सोयीची नाही. तारीख कळली की स्टुडिओत त्या दिवसाची सुट्टी आधीच टाकून ठेवा.